खोक्यातून आलेलं कपाट: खोलायचं कसं, जोडायचं कसं

२०१४ च्या दिवाळीत आम्ही तीन पल्ल्यांचं कपाट, स्टोरेजचा डबल बेड आणि लेकीसाठी स्टडी टेबल घेतलं. तिन्ही वस्तू चपट्या खोक्यांतून आल्या. तेव्हा आम्ही नागपुरात प्रतापनगरला भाड्याने राहत होतो. मग त्रिमूर्तीनगर झालं, मनीषनगर झालं आणि आता बेसा. म्हणजे हे फर्निचर तीन वेळा खोललं गेलं आणि चार वेळा जोडलं गेलं. पहिल्यांदा खोललं ते माणसं लावून, पुढची दोन वेळा मी स्वतः, घरच्यांना हाताशी घेऊन. आज कपाटाचे पल्ले सरळ लागतात, ड्रॉवर एका बोटाने सरकतात. आमच्या सोसायटीत कोणाचं घर बदलायचं ठरलं की मला हाक येते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

पहिल्या बदलीची गोष्ट आधी सांगते, कारण जे शिकले ते तिथेच. २०१६ चा मे महिना होता. सामान हलवणारी मुलं आली. त्यातल्या एकाने बॅटरीवरची ड्रिल मशीन काढली आणि सटासट सगळे स्क्रू काढले. खोलणं चाळीस मिनिटांत झालं. नव्या घरी जोडतानाही तीच मशीन. मी म्हटलं, जरा हळू. तो म्हणाला, "काही नाही होत ताई, दोन मिनिटांत फिट करून देतो." दोन मिनिटांत फिट झालंही. पण वरच्या फळीचा स्क्रू नुसताच फिरत राहिला, घट्ट बसेचना. त्याने तो तसाच सोडला. आठ दिवसांनी ती फळी एका बाजूने उतरली आणि हिवाळी रजयांचं गाठोडं खालच्या कपड्यांवर आलं. काढून बघितलं तर भोकातून नुसता भुसा गळत होता.

तो भुसाच समजून घ्यायला हवा. हे फर्निचर बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डाचं असतं. लाकडाचा चुरा चिकट द्रव्यात कालवून, गरम दाबाखाली त्याचा पत्रा करतात आणि वरून लॅमिनेट चढवतात. सागाच्या फळीत रेषा असतात, धागे असतात, ते स्क्रूला धरून ठेवतात. इथे धागाच नाही. कारखान्यात पाडलेल्या भोकात स्क्रू पहिल्यांदा जातो तेव्हा तो चुऱ्यात आपली आटी, म्हणजे पेचांची खाच, कोरतो. ती आटी एकदाच पडते. दुसऱ्या वेळी स्क्रू त्याच आटीत गेला तर जवळजवळ पहिल्याइतकाच घट्ट बसतो. जरा तिरका शिरला की जुनी आटी खरवडून नवी पाडतो, आणि तिसऱ्या वेळी धरायला काहीच उरत नाही. फळीच्या सपाट अंगापेक्षा तिच्या जाड कडेत स्क्रूची पकड आणखी कमी असते, आणि कपाटाचे मोठे स्क्रू नेमके कडेतच जातात. मशीनचा वेग इतका असतो की आटी सुटली हे हाताला कळेपर्यंत ती संपलेली असते. म्हणून माझा पहिला नियम: काढायला मशीन चालेल, तीही सगळ्यात हळू वेगावर, घालायला मात्र फक्त हात.

ही पहिली आटी सांभाळणं, एवढंच काम आहे. बाकी जे सांगणार आहे ते त्याच्याच पोटातलं.

हत्यारं फार लागत नाहीत. चांगला पेचकस, ४ मिलिमीटरची एलन की (षटकोनी टोकाची चावी), रबरी हातोडा, जंबूर, मेजर टेप आणि एक छोटी पाणसळ. पेचकसाबद्दल थोडं बोलायला हवं. या फर्निचरच्या स्क्रूच्या डोक्यावरची फुली नीट बघा. मोठ्या फुलीच्या मधे बारीक, उथळ अशी दुसरी फुली कोरलेली असेल तर त्याला पीझेड-२ चा बिट लागतो. घरातला साधा फुलीचा पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की वर उडतो, आणि दोन-तीनदा उडला की डोकं गुळगुळीत होतं. इतवारीत लोहाओळीला मी हा बिट मागितला आणि दुकानदाराने न शोधता हातात ठेवला. किमतीला किरकोळ वस्तू आहे, पण ती नसेल तर पुढचं सगळं काम अडतं.

आता खोलणं.

आदल्या दिवशी कपाट पूर्ण रिकामं करा. ड्रॉवरमधल्या सुया-टाचण्यासुद्धा. मग मोबाइलवर फोटो घ्या: समोरून, पल्ले उघडून, प्रत्येक कोपरा जवळून, बिजागरी कुठल्या भोकात आहे ते, ड्रॉवरची चॅनेल, म्हणजे तो सरकतो ती पट्टी, वरून कितव्या भोकावर आहे ते. मागची बाजू विसरू नका. खोक्यासोबत आलेला जोडणीचा कागद कोणी जपून ठेवत नाही. मीही ठेवला नव्हता. हे फोटोच तो कागद.

प्रत्येक फळीला नाव द्या. रंगारी लावतात ती कागदी टेप घ्या आणि स्केचपेनने लिहा: "डावी बाजू, आतलं अंग, वर" असं पूर्ण. नुसतं "१, २, ३" लिहिलं की नव्या घरात कोणती बाजू आत होती हे आठवत नाही. खाकी किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. नागपूरच्या मे महिन्यात ट्रकमध्ये तासभर राहिली की तिचा डिंक पाघळतो आणि लॅमिनेटवर बसतो. बसलाच तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून दहा मिनिटं थांबा, मग मऊ फडक्याने पुसा. थिनर वापरू नका, चकाकी जाते. टेबलाच्या आणि स्वस्त कपाटांच्या फळ्यांवर लॅमिनेटऐवजी छापील कागद असतो. तिथे तर ती चिकटपट्टी कागदासकट सोलून येते.

स्क्रू ठेवायला मी जुना मिसळणाचा डबा वापरते. सात वाट्या आहेत, सात प्रकार मावतात: मोठे एलन-कीचे स्क्रू, मिनिफिक्सच्या (फळ्या एकमेकींना ओढून धरणाऱ्या) चकत्या, त्यांचे बोल्ट, लाकडी खुंट्या, बिजागरीचे स्क्रू, चॅनेलचे स्क्रू, मागच्या पत्र्याच्या चुका (बारीक खिळे). वर ताट बसवून झाकण लावलं की वाट्या एकमेकींत सांडत नाहीत. प्रत्येक वाटीत नगांचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाकते. हा डबा ट्रकमध्ये जात नाही. तो माझ्या पर्ससोबत येतो.

क्रम असा: आधी ड्रॉवर. चॅनेलच्या आतल्या बाजूला काळी प्लास्टिकची जीभ असते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, दोन्ही एकदम, आणि ड्रॉवर सरळ आपल्याकडे ओढायचा. मग सुट्या फळ्या. मग पल्ले. पल्ला काढताना खालची बिजागरी आधी, वरची सगळ्यात शेवटी, आणि एका माणसाने पल्ला तळातून उचलून धरलेला हवा. वरची आधी सोडली तर पल्ल्याचं सगळं वजन खालच्या दोन छोट्या स्क्रूंवर बाहेरच्या बाजूला लोंबतं आणि ते बोर्डाचा लचका घेऊन निघतात. नवीन प्रकारच्या बिजागरीच्या शेपटीला खटका असतो. तो दाबला की पल्ला स्क्रू न काढता सुटतो. तसं असेल तर स्क्रूला हातच लावू नका. आरशाचा पल्ला असेल तर तो कायम उभाच ठेवा, आडवा टाकू नका. त्यावर कागदी टेपची मोठी फुली करा. फुटायचा तो फुटेलच, पण तुकडे पायात येणार नाहीत.

आता रिकामा सांगाडा राहिला. तो पालथा निजवायचा, म्हणजे मागची बाजू वर येते. त्याआधी पंखा बंद करा. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट तिरकं होताना त्याचा वरचा कोपरा सात फूट तीन-चार इंचांपर्यंत जातो. छताला लागत नाही, पण खाली लोंबणाऱ्या पंख्याच्या पात्याला लागू शकतो. जमिनीवर दोन गाद्या किंवा जाड गोधड्या टाका. दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि सावकाश टेकवा.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. मनीषनगरला जायच्या वेळी कपाटाच्या मागे हात पोचेना, म्हणून मी ते एकटीने चार इंच पुढे ओढलं. फक्त चार इंच, गुळगुळीत टाइलवर. तळाशी कटकन आवाज आला. डाव्या बाजूची फळी खाली जागेवर अडून राहिली, वरून मी खेचत होते, आणि त्या पिळात खालची मिनिफिक्सची चकती बोर्ड फाडून बाहेर आली. ही कपाटं उभा भार वर्षानुवर्षं पेलतात. आडवा हिसका मात्र त्यांना अजिबात सोसत नाही. सरकवायचंच असेल तर दोघांनी तळातून अर्धा इंच उचलून सरकवा.

कपाट पालथं झालं की मागचा ३ मिलिमीटरचा पत्रा काढायचा. तो चुकांनी ठोकलेला असेल तर पेचकस खुपसून उचकटू नका, कडा फाटतात. आतून हात घालून, कडेजवळ लाकडाचा ठोकळा धरून तळव्याने हलके धक्के द्या. चुकांची डोकी एक-दोन मिलिमीटर वर येतात. मग जंबुराने एकेक सरळ वर ओढा, जंबुराखाली पत्त्याचं पान किंवा जाड पुठ्ठा ठेवून. खाचेत सरकवलेला पत्रा असेल तर वरची किंवा खालची फळी सुटल्यावर तो आपोआप सरकून येतो.

हा पातळ पत्रा म्हणजे नुसतं झाकण आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर कपाटाला काटकोनात धरून ठेवणारा तोच. तो निघाल्यावर सांगाडा पत्त्यांच्या घरासारखा कुठल्याही बाजूला कलंडू शकतो. पत्रा काढल्यावर सांगाडा उभा करू नका, उचलूही नका. निजलेला असतानाच पुढचं काम करा.

आता मिनिफिक्स. फळीच्या आतल्या बाजूला नाण्यासारखी, १५ मिलिमीटर व्यासाची चकती दिसते. तिच्यावर फुलीची खाच आणि कडेला छोटा बाण असतो. समोरच्या फळीत धातूचा बोल्ट बसवलेला असतो आणि त्याचं डोकं या चकतीच्या पोटात अडकतं. चकती फिरली की ती डोक्याला आत ओढते. सोडवण्यासाठी ती डावीकडे, साधारण अर्धा फेरा फिरवायची, बाण फळीच्या जवळच्या कडेकडे येईपर्यंत. तिथे हाताला ती सैल झाल्याचं लगेच कळतं. त्यापुढे फिरवू नका. दोन फळ्यांमधल्या सगळ्या चकत्या सोडल्यावरच फळी ओढायची. एक विसरली आणि जोर लावला, तर माझ्या डाव्या फळीचं जे झालं तेच होणार. ओढताना सरळ ओढा, झुलवू नका. अडली तर फळीवर टॉवेल, त्यावर ठोकळा आणि त्यावर रबरी हातोड्याची टिचकी, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला.

अडतात त्या बहुतेक लाकडी खुंट्या. ८ मिलिमीटर जाडीच्या या खुंट्या हवेबरोबर बदलतात. आपल्याकडच्या मेमध्ये त्या इतक्या वाळतात की फळी उचलली की आपोआप गळून पलंगाखाली जातात. ऑगस्टमध्ये त्याच फुगून भोकात घट्ट बसतात. पावसाळ्यात काढायची वेळ आली तर खुंटीला फडकं गुंडाळून पकडीने धरा आणि पिळत पिळत बाहेर काढा. निघालीच नाही तर राहू द्या, तशीच फळीसोबत जाऊ द्या. पहिल्या जोडणीत कोणी खुंट्यांना फेविकॉल लावला असेल तर तो जोड सुटणार नाही. तिथे जबरदस्ती करू नका. त्या दोन फळ्या जोडलेल्याच न्या.

बोल्ट काढायचे की फळीतच ठेवायचे? काढायला सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं मत वेगळं आहे. बोल्ट काढला की त्याची आटी एकदा वापरली गेली, परत घातला की आणखी एकदा. गावातल्या गावात जायचं असेल तर मी ते फळीतच ठेवते. मात्र बाहेर आलेला बोल्ट शेजारच्या फळीला ओरखडे काढतो, म्हणून कूलरच्या पंपाचा जुना पाइप दीड-दोन इंचांच्या तुकड्यांत कापून प्रत्येक बोल्टवर चढवते आणि कागदी टेपचे दोन वेढे देते. लांबचा प्रवास असेल, पुणे-मुंबई, तर काढलेले बरे.

बेडबद्दल एक गोष्ट जपून. हायड्रॉलिक बेडच्या झाकणाखाली गॅस भरलेले दांडे असतात. गादी काढल्यावर झाकण हलकं होतं आणि खटका सुटताच जोरात वर येतं. तोंड वरून नेऊ नका. झाकण पूर्ण उघडा, दोघांनी धरून त्याला भक्कम टेकू द्या, आणि मगच दांड्याची टोकं काढा. दांडा पूर्ण पसरलेला असतो तेव्हाच तो सोडवायचा. झाकण बंद असताना कधीच नाही. दांड्याला भोक पाडणं, ठोकणं, उन्हात टाकणं, काहीही करू नका. टेबलाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार पाय, आठ स्क्रू.

नेताना फळ्या आडव्या एकावर एक रचू नका. सात फूट बाय दोन फुटांची, १८ मिलिमीटर जाडीची एक फळी साधारण सोळा किलोची होते. अशा सहा फळ्यांचा थर रचला की तळच्या फळीवर ऐंशी किलो येतात आणि छोट्या हत्तीच्या प्रत्येक गचक्याला तिची लांबी मधे वाकते. पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या ठेवा, लांब कडेवर, गुळगुळीत अंगाला गुळगुळीत अंग लावून, मधे चादर. कोपरे सगळ्यात आधी फुटतात, म्हणून चारी कोपऱ्यांना पुठ्ठा. खोक्यांचा पुठ्ठा किराणा दुकानात फुकट मिळतो.

दिवस कोणता निवडायचा? भाड्याचे करार संपतात ते नेमके उन्हाळ्यात, शाळा लागायच्या आधी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा बऱ्याचदा ४५ च्या आसपास असतो. मी सहाला सुरू करते. हाताखालच्या मंडळींना आठला तर्री पोहे आणि अकराच्या आत ट्रक रवाना. दुपारी घामेजलेल्या हाताने फळी निसटते, हे बघितलेलं आहे. जून उजाडल्यावर हलवत असाल तर ताडपत्री हवीच. बोर्डाची उघडी कड पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. उघड्या कडांवर, विशेषतः तळाच्या, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून ठेवला तर चार थेंबांना तेवढा आडोसा होतो.

जोडायच्या आधी बिघडलेली भोकं दुरुस्त करून घ्या, कारण नंतर हात पोचत नाही. बिजागरीचं छोटं भोक सैल झालं असेल तर न जळालेली अगरबत्तीची काडी खरवडून घ्या. आत बांबूच असतो. तिचे दोन-तीन तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, वर आलेलं कापा, एक रात्र वाळू द्या, मग स्क्रू हाताने. मोठ्या स्क्रूचं भोक गेलं असेल तर काड्यांनी भागत नाही. तिथे १० मिलिमीटरने सरळ भोक पाडायचं, १० चीच लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, २४ तास हात लावायचा नाही, मग तिच्या बरोबर मध्यातून ५ मिलिमीटरचं भोक. माझी वरची फळी अशीच २०१६ मध्ये दुरुस्त केली, तिने पुढच्या दोन्ही बदल्या काढल्या. फाटलेल्या चकतीच्या जागी मात्र मी काही भरायच्या भानगडीत पडले नाही. आतल्या कोपऱ्यात लोखंडी एल-पट्टी लावली. पट्टीचे स्क्रू १६ मिलिमीटरचे. त्याहून लांब घेतले तर १८ च्या फळीतून बाहेर टोक डोकावतं.

हे मला आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरमालकांच्या ओळखीच्या एका वयस्कर सुतारकाकांनी शिकवलं. जन्म लकडगंजच्या वखारींत गेलेला, सागाशिवाय दुसऱ्याला लाकूड न म्हणणारा माणूस. पण कपाट बघायला आले तेव्हा तोंड वाकडं केलं नाही. माझ्या हातातला पेचकस काढून घेतला आणि म्हणाले, "आधी उलटा फिरव पोरी. टक झालं का, मंग सुलटा." हे मी जसंच्या तसं तुम्हाला देते, कारण सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. स्क्रू भोकात सरळ उभा धरा. पेचकसावर जोर न देता तो डावीकडे, म्हणजे उलटा, सावकाश फिरवा. अर्ध्या-एक फेऱ्यात स्क्रू किंचित खाली उतरल्याचं बोटांना जाणवतं, कधी बारीक आवाजही येतो. त्या क्षणी स्क्रूचं टोक जुन्या आटीच्या तोंडाशी बसलेलं असतं. आता उजवीकडे फिरवा. पहिले तीन-चार फेरे दोन बोटांनीच जायला हवेत. जड जातोय म्हणजे वाट चुकली. बाहेर काढा आणि परत उलटा फिरवा. प्रत्येक स्क्रूला हे करा, छप्पन्न असले तर छप्पन्न वेळा.

जोडणीचा क्रम खोलण्याच्या उलट, पण एक फरक आहे. कोणताही स्क्रू सुरुवातीला शेवटपर्यंत आवळू नका. गोधडीवर आडवी फळी आणि बाजूची फळी, खुंट्या आधी, मग चकत्या नुसत्या लागतील इतक्या. दुसरी बाजू, वरची फळी, तळ. सगळं जागेवर आलं की मेजर टेपने दोन्ही कर्ण मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि वरचा उजवा ते खालचा डावा. दोन्ही आकडे सारखे आले की चौकट काटकोनात आहे. तीन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर जो कर्ण लांब आहे त्याच्या दोन टोकांना तळव्याने आत दाबा, परत मोजा. जमलं की मगच मागचा पत्रा लावा. माझं मत असं की जुन्या चुका परत ठोकू नयेत. त्यांच्या भोकांजवळच, नव्या जागी, १६ मिलिमीटरचे बारीक स्क्रू वायसरसकट लावावेत. पुढच्या बदलीला जंबूर लागणार नाही. पत्रा बसल्यावर चकत्या उजवीकडे आवळा, हाताला अडकल्यासारखं वाटलं की थांबा. चकतीचा धातू मऊ असतो, जास्त पिळला की तुटतो. खुंट्यांना फेविकॉल नको; लावला तर हे कपाट या घराचंच झालं.

उभं करताना परत दोघं. पाणसळ तळावर आडवी आणि उभी, दोन्हीकडे धरून बघा. आपल्या जुन्या घरांच्या फरश्यांना मोरीकडे उतार असतो, त्यामुळे एक कोपरा खाली जातोच. तिथे प्लास्टिकची पाचर किंवा टाइलचा पातळ तुकडा घाला. पुठ्ठा नको, तो पोछ्याचं पाणी पिऊन बोर्डालाच देतो. शक्य असेल तर चारी कोपऱ्यांखाली अर्ध्या इंचाचे प्लास्टिकचे पाय लावा. आणि कूलरच्या झोताच्या समोर कपाट ठेवू नका. चार महिने ओली हवा सरळ अंगावर आली की तळची कड आधी फुगते, मग तिची पट्टी सुटते. आमच्या शेजारच्या घरातल्या कपाटाचं तेच झालं, आणि पाणी कुठून आलं ते त्यांना दोन वर्षं कळलं नाही.

पल्ले लावल्यावर ते वरखाली दिसतील, घाबरू नका. बिजागरीवरचा पुढचा स्क्रू पल्ल्याला डावीउजवीकडे सरकवतो, मागचा आतबाहेर, आणि बैठकीच्या पट्टीचे दोन स्क्रू सैल केले की पल्ला वरखाली होतो. पाव-पाव फेरा फिरवत, मागे सरून बघत करायचं काम आहे. मला अर्धा तास लागतो आणि तो मी आनंदाने देते.

घरात लहान मूल असेल तर उंच कपाट आणि ड्रॉवरचं टेबल भिंतीला बांधल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. मूल ड्रॉवर उघडून पायरीसारखं चढतं आणि सगळं पुढे येतं. २०१६ मध्ये अमेरिकेत याच कारणाने, मुलांचे मृत्यू झाल्यावर, ड्रॉवरची दोन कोटी नव्वद लाख कपाटं परत मागवली गेली होती. वरच्या फळीला एक एल-पट्टी, भिंतीत गिट्टी (स्क्रूला धरणारा प्लग) आणि स्क्रू, एवढंच लागतं. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसतील तर त्यांना कशासाठी ते सांगा. आमच्या तिन्ही घरमालकांनी ऐकलं आणि हो म्हटलं.

सगळं झाल्यावर मिसळणाचा डबा बघा. एकही स्क्रू उरला असेल तर "जास्तीचा आला असेल" असं म्हणून ठेवून देऊ नका. त्याची वाटी बघा, चिठ्ठीवरचा आकडा बघा, मोबाइलवर तो कोपरा काढा, आणि रजया वरच्या फळीवर चढवायच्या आधी त्याला त्याच्या भोकात बसवा. आधी उलटा, मग सुलटा.